आवाज फुटल्यानंतरचा नट

आमच्या घरात सिनेमातल्या नटाचीही परीक्षा संगीत नाटकाच्या मापानं व्हायची. आजो, म्हणजे माझे आजोबा, गोव्यातल्या मंगेशीच्या बाजूचा. कुणी एखाद्या बालनटाचं कौतुक सांगायला लागलं की तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "आवाज फुटल्यावर काय केलं त्यानं?"

हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला होता. लहानपणी देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांत तो रोहिदास झाला, प्रल्हाद झाला, ध्रुव झाला. पांढरी चारमध्ये गाणारा पोर म्हणून अंत्रूज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंडा तालुक्यातल्या, गावागावांतून त्याला बोलावणं यायचं. मग एका पावसाळ्यात आवाज फुटला. पुढच्या उत्सवाला रोहिदासाचा अंगरखा दुसऱ्या मुलाच्या अंगावर चढला आणि आजोच्या हातात नाटकाचं बाड आलं. पुढं जन्मभर तो विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करत राहिला. नाटकातली सगळी माणसं त्याला तोंडपाठ होती, फक्त ती त्याची नव्हती. हे सांगताना तो कधी रडगाणं गायला नाही. उत्सवाच्या रंगभूमीचा तो नियमच होता.

या नियमाला पुरून उरलेला मुलगा म्हणून आजो एकच नाव घ्यायचा. दीनानाथ मंगेशकर १९०० साली मंगेशीत जन्मले, पोरवयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि १९१८ साली त्यांनी सवंगड्यांबरोबर बळवंत संगीत मंडळी उभी केली. आजोचा बाप सांगायचा म्हणे, की देवळाच्या आवारात गाणारा तो पोर ऐकायला माणसं हातातलं काम टाकून थांबत. मुलाचा आवाज गेला आणि त्याच जागी पुरुषाचा तेज आवाज आला, असं भाग्य फार थोड्यांना मिळतं. पुढं १९३४ साली दीनानाथांनी 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढला, पण मंडळी कर्जात बुडत गेली. १९४२च्या एप्रिलमध्ये ते गेले. थोरली मुलगी लता तेव्हा पुरती तेरा वर्षांचीही नव्हती, तरी घर तिच्या खांद्यावर आलं. तिनं 'पहिली मंगळागौर', 'माझे बाळ', 'गजाभाऊ' अशा चित्रपटांत तोंडाला रंग लावला. अभिनय आपल्याला मुळीच आवडत नव्हता, हे लताबाईंनी पुढं कितीदा तरी सांगितलं आहे. मास्टर विनायक गेल्यावर त्यांची मुलगी नंदाही अशीच लहान वयात कॅमेऱ्यापुढं आली. मराठी पडद्यावरच्या जुन्या बालकलाकारांच्या कहाण्या ऐकताना मला नेहमी वाटतं, की ही मुलं हौसेपेक्षा घरातल्या अडचणीमुळे तिथं आली होती.

सचिन पिळगांवकरची गोष्ट निराळी. त्याचा जन्म मुंबईचा, १७ ऑगस्ट १९५७चा. वडील शरद पिळगांवकर स्वतः सिनेमाचे शौकीन, पुढं निर्मातेही झाले. घराण्याचं मूळ मात्र गोव्यातलं, आणि आडनावातलं पिळगाव आमच्या पलीकडच्या डिचोली तालुक्यातलं. माशेलच्या बाजूनं फेरीबोटीत बसून मांडवी ओलांडली की सारमानसचा धक्का, आणि सारमानस म्हणजे पिळगावच. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. त्यानंतरच्या एकदोन वर्षांतच राजा परांजपे यांचा 'हा माझा मार्ग एकला' आला. संगीत सुधीर फडक्यांचं, आणि पडद्यावर हा पाचेक वर्षांचा पोर. आमच्याकडं बातमी पोचली ती सिनेमाच्या नावानं नव्हे. "पिळगांवचो भुरगो सिनेमांत आयलो," एवढंच माझ्या मावशीला कुणीतरी सांगितलं. मुलगा मुंबईत वाढतोय, गाव त्यानं किती पाहिलंय, याची चौकशी कुणी केली नाही. नुकताच मोकळा झालेला मुलूख होता आणि आपलं म्हणायला एक मूल पडद्यावर दिसत होतं. त्या कौतुकाचं मोल आज कळायला कठीण आहे.

मावशीचा पहिला खरा सचिन मात्र 'मझली दीदी'तला. हृषिकेश मुखर्जींचा हा १९६७चा चित्रपट शरच्चंद्रांच्या कथेवरचा. आई गेलेला किशन सावत्र बहिणीच्या दारात येऊन उभा राहतो. ती बहीण म्हणजे ललिता पवार. पोराला तिथं दोन घास भातावरूनही बोलणी खावी लागतात, आणि माया मिळते ती घरातल्या धाकट्या जावेकडून, मीनाकुमारीकडून. मावशीनं हा सिनेमा पाहिला तेव्हा ती नुकती लग्न होऊन एका मोठ्या एकत्र कुटुंबात गेली होती. दिराच्या पोराला चोरून चपातीत गूळ गुंडाळून देणारी ती. पडद्यावर आपलंच घर बघितलं, असं ती म्हणायची. मी हा चित्रपट खूप उशिरा पाहिला आणि मला किशनचं रडणं आठवत नाही, त्याचं दबकणं आठवतं. माया करणाऱ्या बाईपाशीही तो मुलगा एकदम जात नाही, आधी अंदाज घेतो. मार खाल्लेलं मूल असंच वागतं. दहा वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवलं असेल? दिग्दर्शकानं थोडं शिकवलं असेल, पण सगळं शिकवता येत नाही.

या चित्रपटाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. सचिन स्वतः मुलाखतींतून सांगत आला आहे, की त्या काळात मीनाकुमारींनी त्याला उर्दू शिकवलं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, ती पुढं कामाला येते.

त्याच वर्षी 'ज्वेल थीफ'मध्येही तो होता, १९६८च्या 'ब्रह्मचारी'त होता, आणि १९६९च्या 'चंदा और बिजली'त तर कथाच त्याच्यावर उभी होती. ती डिकन्सच्या अनाथ ऑलिव्हरच्या वळणाची. हे सगळे चित्रपट त्याच्या बालपणाचं काम म्हणून चांगलेच आहेत, पण त्यांत त्या गोड चेहऱ्याचा उपयोग जास्त झाला. आजोला अशा कामात रस नव्हता. मुलाचा चेहरा पाच वर्षांचा धनी असतो, असं तो म्हणायचा.

मग सचिनचाही आवाज फुटला. इथं एरवीची गोष्ट संपते. १९७५ साली मात्र दोन चित्रपट आले. 'शोले'त तो अहमद झाला, इमामसाहेबांचा मुलगा, नोकरीसाठी जबलपूरला निघालेला. वाट्याला मोजकी मिनिटं, पण रामगढचं खरं दुःख सुरू होतं ते घोड्यावरून त्याचं प्रेत गावात येतं तिथून. आणि राजश्रीचा 'गीत गाता चल', सोबत सारिका. तीही लहानपणापासून कॅमेऱ्यापुढं उभी राहिलेली. दोन मोठी झालेली मुलं एका चित्रपटाची नायक-नायिका झाली आणि लोकांनी त्यांना घेतलं.

माझ्या मते या वळणावरचा मोलाचा चित्रपट म्हणजे तरुण मजुमदारांचा 'बालिका बधू', १९७६चा. तो नायकाच्या साच्यातला नव्हे. विमल कर यांच्या बंगाली कथेतलं हे जोडपं लग्न म्हणजे काय हे कळायच्या आधीच लग्नात सापडलेलं आहे. सचिन तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. मिसरूड फुटलेलं, हातपाय कुठं ठेवावेत ते न कळणारं ते वय त्यानं लपवलं नाही, तसंच्या तसं पडद्यावर आणलं. बालनट सहसा हे वय घरात बसून काढतात आणि पूर्ण पुरुष होऊन परततात. त्यानं ते सगळ्यांसमोर काढलं. अमितकुमारचा कोवळा आवाज त्या चेहऱ्याला असा बसला की दोघं एकाच वयाचे वाटतात. आजोला मी हा चित्रपट दूरदर्शनवर दाखवला होता. त्यानं पूर्ण पाहिला आणि "फुटला आवाज, पण पोर बावरलं नाही," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं येणं पुष्कळ होतं.

'अंखियों के झरोखों से'बद्दल मला फारसं सांगायचं नाही. त्या काळच्या तरुण मुलींना तो पाठ होता आणि अजून आहे. 'अष्टविनायक' वडिलांची निर्मिती, दिग्दर्शन राजदत्त यांचं, साल १९७९. चवथीच्या दिवसांत त्यातलं आठ गणपतींचं गाणं फोंड्याच्या बाजारात अजून वाजतं. १९८२चा 'नदिया के पार' मात्र वेगळाच. जौनपूरकडच्या खेड्यांत चित्रित झालेला, तिथल्या बोलीतला, आणि धोतर-बंडीतला चंदन. मुंबईत वाढलेला हा मुलगा बैलगाडी हाकताना कुठंही पाहुणा वाटत नाही. हीच गोष्ट बारा वर्षांनी 'हम आपके हैं कौन' होऊन मोठ्या बंगल्यात राहायला गेली, पण शेणानं सारवलेलं अंगण तिला परत मिळालं नाही.

१९८२ सालीच 'मायबाप'पासून तो दिग्दर्शक झाला. इथं आमच्या घरात दुसऱ्या एका माणसाचा अधिकार चालतो, तो म्हणजे बाप्पाचा. बाप्पा माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. गावच्या उत्सवात बायका रंगभूमीवर येत नसत त्या काळात तो स्त्रीपार्टी होता. सुभद्रा, तारामती, सिंधू, सगळ्या झाला. १९८८चा 'अशी ही बनवाबनवी' आला तेव्हा सगळा फोंडा हसत होता आणि बाप्पा बारकाईनं बघत होता. हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली गोष्ट, पण वसंत सबनीसांच्या लेखणीनं ती पुरती मराठी केली. भाड्याची खोली फक्त जोडप्यांना मिळणार म्हणून दोन पुरुष लुगडी नेसतात. सचिन सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती.

व्हिडिओ कॅसेट लावून बाप्पा मला समजावायचा. लक्ष्या पुरुष असल्याचं क्षणभरही विसरू देत नाही, तो त्याचा विनोद. सचिन उलट करतो. पदर सावरायचा तर कोपर अंगाशी धरून सावरायचा, खांद्यातून हात फेकायचा नाही. बसताना आधी निऱ्या, मग आपण. मान वळते ती डोळ्यांच्या मागून. बाप्पा उठून हे सगळं करून दाखवायचा. सत्तरीकडं झुकलेला, धोतर नेसलेला तो माणूस आमच्या ओसरीवर दोन पावलं चालला की तिथं खरंच सुभद्रा चालायची. "एकानं वेडंवाकडं करायचं तर दुसऱ्यानं सरळ धरायला हवं, नाहीतर नाटक पडतं," असं तो सांगे. दिग्दर्शक असून सचिननं टाळ्यांची जागा मित्राला दिली आणि तोल स्वतःकडं ठेवला. अशोक सराफ, लक्ष्मीकांत आणि सिद्धार्थ रे यांच्यामध्ये सुधाचं हे काम लोकांच्या लक्षात कमी राहतं. मला ते त्याच्या सर्वांत कसबी कामांपैकी वाटतं.

यानंतर बरीच वर्षं तो दिग्दर्शक, निर्माता, टीव्हीवरचा परीक्षक अशा रूपांत दिसत राहिला. २००४चा 'नवरा माझा नवसाचा' लोकांनी डोक्यावर घेतला. पण नट म्हणून त्याचं जे व्हायचं ते झालं, असं माझंही मत होऊन बसलं होतं.

आणि २०१५च्या दिवाळीत सुबोध भावेचा 'कट्यार काळजात घुसली' आला.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं डिसेंबर १९६७मध्ये, म्हणजे 'मझली दीदी'च्याच वर्षी. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि अभिषेकी आमच्या मंगेशीचे. त्यांच्या घराण्याला हे आडनाव मिळालं तेच मंगेशाला अभिषेक करण्याच्या कुळाचारावरून. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची. आमच्या तालुक्यात ती पदं येत नाहीत असा गाणारा शोधून सापडायचा नाही. तेव्हा त्या भूमिकेत सचिन, हे ऐकून मावशी नाराजच होती. आजो तोवर गेला होता, बाप्पाही. मी तिला घेऊन गेलो.

विश्रामपूरच्या दरबारात वर्षानुवर्षं पंडितजींकडून हरणारा खाँसाहेब. विद्या आहे, मान नाही. घरातल्या गरिबीनं आणि रोजच्या अपमानानं तो आतून कडवट होत जातो. मग पंडितजींना कपटानं शेंदूर चारला जातो, त्यांचा आवाज जातो, आणि खाँसाहेब जिंकतो. आवाज जाणं म्हणजे काय हे ज्या घरानं आजोच्या रूपात पाहिलं होतं, त्या घरातली मावशी माझ्या शेजारी बसली होती. गळा राहुल देशपांड्यांचा, वसंतरावांच्या नातवाचा. पण दुसऱ्याच्या तानेला आपली छाती भरावी लागते आणि मानेची शीर स्वतःचीच ताठ व्हावी लागते. सचिननं ते चोख केलं. आणि जिभेवरचं ते उर्दू! शब्दांतला नुक्ता जागच्या जागी, मिजाससुद्धा शब्दाबरोबर येते. दहा वर्षांच्या मुलाला मीनाकुमारींनी दिलेलं उर्दू अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं असं फेडलं.

त्याहून मोठी गोष्ट दुसरी. पाच वर्षांचा असल्यापासून लोकांनी ज्याच्यावर फक्त माया केली, त्यानं इथं स्वतःला नावडता होऊ दिलं. जिंकल्यावरचा तो गर्व, पंडितजींच्या हवेलीत वावरतानाची ती गुर्मी. त्यानं कुठंही प्रेक्षकाकडं केविलवाणं पाहिलं नाही, मला समजून घ्या म्हणून हात पसरला नाही. मध्यंतरात मावशी म्हणाली, "या माणसाचा राग येतो रे मला." पिळगावच्या त्या भुरग्याचा तिला उभ्या जन्मात पहिल्यांदा राग आला होता.

म्हणून मी 'कट्यार' पहिली ठेवतो, मग 'मझली दीदी', मग 'बनवाबनवी', आणि 'बालिका बधू' त्यांच्या अगदी लगत. मावशीला हा क्रम मुळीच मान्य नाही. तिच्या लेखी 'नदिया के पार' पहिला, आणि बाकीचं मी पुन्हा एकदा नीट बघून यावं.