बौद्ध परंपरा, धाराशिव जिल्ह्यातील

मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात बौद्ध धर्माचे दोन कालखंड आढळतात. तेरणाकाठचे तेर (प्राचीन तगर) हे सातवाहनकालीन व्यापारकेंद्र होते. तेथील उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. तेथील गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. पुढे ही परंपरा खंडित झाली.

आधुनिक परंपरा ही त्या वारशातून नव्हे, तर विचारपूर्वक केलेल्या निवडीतून उद्‌भवली. १९४१ मध्ये जिल्ह्यातील कसबे तडवळे येथील परिषदेस आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे श्रीलंका (१९५०) व ब्रह्मदेश (१९५४) येथील बौद्ध जीवन पाहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी थेरवादी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. अनुयायांना मात्र स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. हीनयान-महायान वाद टाळून त्यांनी आपल्या मार्गास ‘नवयान’ म्हटले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धम्मग्रंथात (१९५७) पाली त्रिपिटकाबरोबरच अश्वघोषाच्या बुद्धचरिताचाही आधार आहे. या निवडीची किंमत मोठी होती : धर्मांतरितांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींस मुकावे लागले. त्या बौद्धांना १९९० मध्ये लागू झाल्या.