शर्यतीच्या कोवळ्या ग्रेहाऊंडचं बोट दुखावलं तर? पहिली दहा मिनिटं आणि पुढचे सहा आठवडे

यात्रांचा हंगाम सुरू झाला की सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर पट्ट्यात बैलगाड्यांबरोबर श्वान शर्यतींचे फलकही लागतात. वर्ष-सव्वा वर्षाची ग्रेहाऊंडची पोरं मैदानात उतरतात, ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगाने सुटतात आणि त्यातलं एखादं तीन पायांवर परत येतं. "बोट मुरगळलंय, दोन दिवसांत बरं होईल," असं म्हणून त्याला गाडीत घातलं जातं. पुढच्या रविवारी पुन्हा मैदान. बहुतेक कुत्र्यांचा पाय बिघडतो तो पहिल्या दिवसाच्या दुखापतीने नाही, या पुढच्या रविवारमुळे. कारवान, पश्मी किंवा मुधोळ पाळणाऱ्यांनाही खालची बरीचशी माहिती लागू आहे.

बोटंच का दुखावतात?

कुत्रा आपल्यासारखा टाच टेकून चालत नाही, तो बोटांवर चालतो. पुढच्या पंजाला चार मुख्य बोटं आणि वरच्या बाजूला लोंबणारं एक छोटं नख असतं. चारपैकी मधली दोन बोटं सगळ्यात जास्त वजन घेतात. प्रत्येक बोटात तीन छोटी हाडं, त्यांच्यात सांधे, दोन्ही बाजूंना सांधा धरून ठेवणारे बंध आणि खालून जाणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. पूर्ण वेगात एका क्षणी सगळं अंग एकाच पंजावर येतं. त्याच वेळी नख कुठे अडकलं तर बोट आडवं फिरतं.

परदेशात गोल ट्रॅकवर, बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या उलट दिशेने शर्यती होतात. तिथे वळणाचा सगळा ताण आतल्या बाजूच्या हाडांवर येतो, म्हणून डाव्या पंजाचं सगळ्यात बाहेरचं आणि उजव्या पंजाचं आतलं लांब हाड जास्त मोडतं. आपल्याकडे मैदान बहुधा सरळ असतं, त्यामुळे वळणाचा त्रास कमी. पण आपला त्रास जमिनीचा आहे. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा, ज्वारीची धसकटं, उसाचे बुडखे, नांगरटीची ढेकळं. वरून रोटर मारून रान सपाट दिसतं, खाली भेग तशीच असते. शर्यतीआधी मैदान स्वतः पायी चालून बघा. आयोजकांनी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.

कोवळ्या कुत्र्याचं वेगळं काय?

ग्रेहाऊंडचं पिल्लू दहा-बारा महिन्यांत उंचीला पूर्ण दिसतं, म्हणून मालकाला वाटतं की ते तयार झालं. पंजातली वाढीची टोकं साधारण सहा-आठ महिन्यांत बंद होतात, पण त्याच्या वरच्या नळीच्या हाडाची वाढ बरेचदा वर्षापर्यंत चालू असते. आणि वाढ थांबली म्हणजे हाड पक्कं झालं असंही नाही. हाड पळण्याच्या ताणाला हळूहळू सरावतं, ज्या बाजूने ताण येतो तिकडे जाड होतं, आणि याला महिने लागतात. तोवर जोरात पळवलं तर आधी नुसतं दुखतं, मग बारीक चीर पडते आणि एके दिवशी हाड मोडतं. ब्रिटनमध्ये 15 महिने पूर्ण झाल्याशिवाय ग्रेहाऊंडला अधिकृत शर्यतीत उतरवू देत नाहीत. आपल्याकडे दहा महिन्यांची पिल्लं मैदानात दिसतात.

खाण्याचाही संबंध आहे. नुसतं मटण-चिकन, किंवा नुसती भाकरी-दूध यावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ राहू शकतात. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. उलट मनाने कॅल्शियमचं टॉनिक ओतत राहणंही मोठ्या जातीच्या पिल्लाला घातक. वजन सांगून डॉक्टरांकडून आहार ठरवून घ्या. पिल्लू गुळगुळीत फरशीवर वाढवू नका, बोटं फाकतात.

मैदानातली पहिली दहा मिनिटं

कुत्रा लंगडला की त्याला जागेवर थांबवा. चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, उचलून न्या. दुखत असलेलं कुत्रं घरच्या माणसालाही चावतं, म्हणून तोंड मऊ पट्टीने बांधावं लागतं. पण नुकतंच पळून धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड लगेच बांधलं तर त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ते दगावू शकतं. आधी सावली, पाणी, श्वास शांत. मग पट्टी, तीही पंजा बघण्यापुरतीच.

पंजा स्वच्छ पाण्याने धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने सलग पाच-दहा मिनिटं दाबून धरा, दर मिनिटाला उघडून बघू नका. फक्त नखाचं टोक तुटलं असेल तर तुरटीची पूड दाबली तरी रक्त थांबतं. सूज दिसत असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा, पहिले दोन दिवस असं तीन-चार वेळा. पहिल्या दोन दिवसांत गरम शेक आणि मालिश नको, सूज वाढते.

आता दोन्ही पंजे शेजारी ठेवून तुलना करा. एकेक बोट नखापासून वर हळू दाबत जा, वाकवा, सरळ करा. कुत्रा उभा असताना नखाचं टोक जमिनीवरून वर उचललेलं दिसत असेल तर खोलवरची कंडरा तुटल्याची शंका घ्या. बोट चपटं पसरलेलं दिसलं तर वरची कंडरा. बोट आडवं हलतंय, सांधा बाजूला उघडतोय असं जाणवलं तर बंध तुटलेत किंवा सांधा निखळलाय. पंजाच्या मधल्या लांब हाडांवर दाबल्यावर ओरडला तर फ्रॅक्चर समजूनच चला. दोन बोटांमधला पातळ पडदा फाटणं ही या जातीत नेहमीची गोष्ट आहे. दिसायला किरकोळ, पण पळताना रोज तीच जखम उघडते. आणि जो कुत्रा मातीत बरा चालतो पण डांबरी रस्त्यावर लंगडतो, त्याच्या गादीत बघा. ग्रेहाऊंडला गादीत कुरूप होतं, त्यावर बोटाचे उपचार करून काही उपयोग नाही.

हे करू नका

हळद-चुन्याचा लेप: चुन्याने कातडी भाजते, शिवाय कुत्रा तो चाटतो. जखमेत फिनेल, रॉकेल, पेट्रोल ओतणं: अळ्या पडल्या तरी हे नको, अळ्या डॉक्टरांकडून काढून घ्या. पोव्हिडोन आयोडीन चालतं, पण पाण्यात इतकं पातळ करा की कोऱ्या चहाचा रंग दिसेल.

सर्वात मोठी चूक घरातल्या गोळ्यांची. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, किडनी जाते. डायक्लोफेनॅक तर गिधाडांमुळे 2006 पासून जनावरांच्या वापरासाठी बंदच आहे. मेलोक्सिकॅम कुत्र्याला देतात, पण माणसाच्या 15 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 25 किलोच्या कुत्र्याच्या रोजच्या डोसच्या सहापट औषध असतं. डॉक्टर लिहून देतील तेवढंच द्या. वेदना दाबून दुसऱ्या दिवशी पळवण्यासाठी तर मुळीच नको. सांध्यात स्टेरॉइडची सुई मारून "मैदानापुरता" बरा करणारेही भेटतात. त्या सुईने सूज उतरते, पण सांध्याच्या आतली इजा भरत नाही आणि दुखत नाही म्हणून कुत्रा पूर्ण जोर लावतो.

डॉक्टरांकडे काय होतं

एक्स-रे दोन बाजूंनी काढावा लागतो. शंका असेल तर चांगल्या पंजाचाही काढतात, म्हणजे वाढीची रेषा कुठली आणि चीर कुठली ते कळतं. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय गाठा. शस्त्रक्रियेसाठी शिरवळ, परळ, परभणी, उदगीर, नागपूर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

साधी लचक असेल तर दोन-तीन आठवडे विश्रांती. बंध अर्धवट तुटले असतील तर आधार देणारी पट्टी आणि सहा ते आठ आठवडे. सांधा पूर्ण निखळला असेल तर बंध शिवावे लागतात. पंजातलं एकच लांब हाड मोडलं आणि जागचं हललं नसेल तर शेजारची हाडं त्याला फळीसारखा आधार देतात, प्लास्टरवर भागतं. मधली दोन्ही हाडं मोडली असतील तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो. फाटलेला पडदा लवकर आणला तर शिवता येतो, आठवड्याने आणला तर कडा कापून मग शिवावा लागतो.

बोट कापायचं म्हटलं की मालक घाबरतात. बाहेरचं किंवा आतलं एक बोट गेलं तरी कुत्रा छान जगतो, बरेचसे पळतातही. मधल्या बोटाचा विचार मात्र दहादा करावा.

भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना जात स्पष्ट सांगा. ग्रेहाऊंडच्या अंगात चरबी फार कमी असते आणि थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध त्याच्या शरीरातून खूप हळू उतरतं. काही ग्रेहाऊंडना ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उशिरा रक्तस्राव होतो, तेव्हा ते दिवस पट्टीवर लक्ष ठेवा.

पट्टी आणि विश्रांती

पट्टी बांधताना प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये आणि वरच्या नखाखाली कापूस हवा. मधल्या दोन बोटांची नखं बाहेर दिसली पाहिजेत. ती नखं एकमेकांपासून फाकली, बोटं गार पडली किंवा वास आला तर पट्टी घट्ट झालीय किंवा आत बिघडलंय, त्याच दिवशी सोडवा. सुतळी, रबरबँड कधीच नको. बाहेर नेताना प्लास्टिकची पिशवी चढवा, घरी आल्यावर लगेच काढा.

विश्रांती म्हणजे साखळीला बांधणं नव्हे. साखळीचं कुत्रं माणूस दिसला की उड्या मारतं आणि त्याच पंजावर आपटतं. छोट्या खोलीत किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवा, खाली पोतं किंवा गादी. दिवसातून तीन-चारदा पट्ट्यावर पाच मिनिटं, लघवी-शीपुरतं. लंगडणं थांबल्यावरही निदान दोन आठवडे फक्त चालणं. जखम पूर्ण भरल्यावर नदीच्या उथळ पाण्यात चालवता येतं, पायावर भार कमी येतो. मग मऊ जमिनीवर एकट्यानेच सरळ पळवा, दुसऱ्या कुत्र्याबरोबर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पंजा गरम लागला तर एक पायरी मागे. मैदान सगळ्यात शेवटी.

नखं दर आठ-दहा दिवसांनी बघा आणि थोडी थोडी कापत राहा. लांब नख जमिनीत रुततं आणि बोटाला तरफेसारखं पिळतं. यासाठी लागतं ते दोन-तीनशे रुपयांचं नखकटर.

कायद्याबद्दल

बैलगाडा शर्यतीला मिळालेली परवानगी, म्हणजे 2017 ची राज्याची दुरुस्ती आणि 18 मे 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ही बैलांपुरती आहे. कुत्र्यांना 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाच लागू होतो. त्याच्या कलम 11 नुसार वय, आजार किंवा जखमेमुळे अयोग्य असलेल्या प्राण्याला कामाला लावणं हा गुन्हा आहे. अंगठीतून बाद झालेल्या बैलासारखं लंगडं कुत्रं रस्त्यावर सोडून देणं हाही याच कलमात बसणारा गुन्हा. पळू न शकणारा ग्रेहाऊंड घरात अगदी शांत राहतो, दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो. सांभाळायचा नसेल तर ओळखीत, नातेवाइकांत विचारा, घर मिळतं.