सहलीलाही इतिहास असतो

सुट्ट्या लागल्या की आपल्यातलीही कुटुंबं आता गाडी काढतात. वेरूळ, अजिंठा, महाबळेश्वर, कोकण. वाटेत ढाब्यावर जेवण, घाटात गाडी थांबवून फोटो. त्या फोटोखाली हमखास कोणीतरी लिहितं, "बघा, निसर्गाला कुठे जात असते?" बरोबर आहे, निसर्गाला जात नसते. पण निसर्गापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला असते, रस्त्यावरच्या पाणवठ्याला असते, मुक्कामाच्या खोलीला असते. हा इतिहास माहीत नसला की सहल ही फक्त पैशाची गोष्ट वाटते. ती हक्काची गोष्ट आहे.

१९०१ सालचा एक प्रवास घ्या. सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातच रोखपालाची नोकरी करत होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून घरची लहान मुलं निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मुलं महार आहेत कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाला बरोबर पायी चालणार. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी दिलं नाही. भरल्या डब्यासमोर मुलं उपाशी झोपली. त्यांच्यातला एक मुलगा पुढे या देशाच्या संविधानाचा शिल्पकार झाला.

दुसरा प्रवास १९३४ चा. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी ठरवलं की बाबासाहेबांबरोबर सहलीला जायचं. वेरूळची लेणी बघायची होती. साधारण तीस जण होते. हे लक्षात घ्या, ही परिषद नव्हती, सत्याग्रह नव्हता, साधी सहल होती. तरीही ओळख लपवून, सामान्य पर्यटक म्हणून जायचं असं आधीच ठरवावं लागलं. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय काहींनी दारापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याचा ओरडा झाला, जमाव शिव्या देऊ लागला. अखेर किल्ला बघू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला! ओरडणारे मुसलमान होते. जात फक्त हिंदूंच्या घरात राहत नाही, शेजारच्या धर्मातही मुक्कामाला जाते, हा धडा बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला. या दोन्ही हकिकती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये आहेत. आपल्याच देशात फिरायला व्हिसा लागत होता!

आता अमेरिकेकडे बघा. त्याच काळात तिथे मोटारीने कुटुंबासह लांब फिरायला जाण्याची लाट आली होती. गोऱ्या कुटुंबासाठी रस्ता म्हणजे स्वातंत्र्य. काळ्या कुटुंबासाठी तोच रस्ता म्हणजे हिशोब: पेट्रोल कुठे मिळेल, शौचालय कोण वापरू देईल, रात्र कुठे काढायची? अंधार पडल्यावर काळ्या माणसाने थांबूच नये अशी गावं होती. म्हणून बायका घरूनच खोक्यात जेवण बांधून घेत. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात डोंगरमाथ्यावरून जाणारा सुंदर रस्ता आहे. तिथे काळ्यांसाठी लुईस माउंटन नावाची वेगळी जागा राखली होती. म्हणजे डोंगरालाही वेगळी वस्ती!

न्यूयॉर्कच्या हार्लेममधला पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने यावर १९३६ साली एक पुस्तिका काढली, 'ग्रीन बुक'. काळ्या प्रवाशाला कोणतं हॉटेल, कोणता पंप, कोणतं न्हाव्याचं दुकान, कोणतं घर दार उघडेल, त्याची यादी. सुरुवातीला फक्त न्यूयॉर्कपुरती, पुढे देशभराची. ग्रीनची इच्छा एकच होती की एक दिवस या पुस्तिकेची गरज उरू नये.

तो दिवस आपोआप आला नाही. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं. करमणुकीच्या बागेत मला का जाता येत नाही, असं विचारणाऱ्या आपल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल त्यांनी त्यात लिहिलं. मोटेल खोली देत नाही म्हणून गाडीतच काढलेल्या रात्रींबद्दलही लिहिलं. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात एकमताने हरला. काही वर्षांत 'ग्रीन बुक' बंद झालं.

आपल्याकडे हेच कलम त्यांच्या चौदा वर्षं आधी, १९५० मध्ये लागू झालं. संविधानाचं कलम १५(२) काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. एकेक शब्द मोजून घातलेला आहे. ते वाचताना मला मसूरची तहान आणि दौलताबादचा हौद दिसतो. कोरड्या कायद्याची ती भाषा नाही, भोगलेल्या प्रवासाची यादी आहे.

मग फरक कुठे पडला? काळ्यांनी आपला अपमान नोंदवला, पत्त्यासकट छापला. आपल्याकडे बाबासाहेबांनी लिहिलं, पण बाकीच्या लाखो प्रवासांचं काय? आपल्या आज्ज्या चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला भाकरी बांधून गेल्या. ती फक्त काटकसर होती का? गावोगावचा नातेवाइकाचा पत्ता, समाजमंदिराची ओसरी हेच आपलं 'ग्रीन बुक' होतं. ते कोणी छापलं नाही, आणि ते ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं एकेक करून जात आहेत.

म्हणून मित्रांनो, पुढच्या सहलीला जरूर जा, मिरवत जा. बाबासाहेबही गेले होते, आनंदावरही आपला हक्क आहे. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाडीत पुढच्या सीटवर बसवा. विचारा, तुम्ही पहिल्यांदा या रस्त्याने गेलात तेव्हा पाणी कुठे प्यायलात? मुक्काम कुणाकडे केलात? मोबाईल सुरू ठेवा आणि उत्तर जपून ठेवा. "आता जात कुठे राहिली?" असं विचारणाऱ्याला तेच उत्तर ऐकवा.

जय भीम!