दोनशें डॉलरांचा कर आणि आंखूड नळीची रायफल

कर बसविण्याचा हेतु सरकारी तिजोरी भरण्याचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कांहीं कर असेही असतात कीं, ते कोणीं भरूंच नयेत अशी बसविणाराची मनोमन इच्छा असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३४ सालीं झालेला ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ हा अशा कराचा ठळक नमुना होय. या कायद्यानें आंखूड नळीची रायफल बाळगूं इच्छिणाऱ्या नागरिकावर ती सरकारदरबारीं नोंदविण्याचें आणि त्यासाठीं २०० डॉलर मोजण्याचें बंधन घातलें. नळी किती इंचांची असावी या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नांत त्या देशाच्या राज्यघटनेचे केवढे प्रश्न गुंतले, तें पाहण्यासारखें आहे.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळांत अमेरिकेंतील मोठमोठ्या शहरांत चोरट्या दारूच्या व्यापारावर पोसलेल्या गुंडांच्या टोळ्या माजल्या होत्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं शिकागो येथें एका गॅरेजमध्यें सात इसमांना भिंतीशीं उभे करून गोळ्या घालण्यांत आल्या, तेव्हां सारा देश हादरला. पुढें फेब्रुवारी १९३३ मध्यें मायामी येथें नियोजित अध्यक्ष रूझव्हेल्ट यांच्यावरच गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले, परंतु शिकागोचे महापौर अँटन सर्माक यांना लागलेली गोळी प्राणघातक ठरली. रूझव्हेल्ट यांचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनीं अशा शस्त्रांना आवर घालण्याचें मनावर घेतलें.

मार्गांत मात्र घटनेची अडचण होती. सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याचा सर्वसाधारण अधिकार अमेरिकेंत घटक राज्यांचा आहे. मध्यवर्ती सरकारला एखादें शस्त्र सरसकट निषिद्ध ठरवितां येईल कीं नाहीं, याविषयीं शंका होती. कर बसविण्याचा अधिकार निर्विवाद होता. अफूसारख्या मादक पदार्थांवर १९१४ सालीं याच युक्तीनें नियंत्रण आणलें गेलें होतें. म्हणून शस्त्रें बंद न करतां त्यांवर २०० डॉलर कर बसवावा, आणि कराच्या निमित्तानें मालकांची नोंद ठेवावी, असें ठरलें. गुंडांच्या आवडत्या थॉम्प्सन मशीनगनची किंमतच त्या सुमारास जवळजवळ २०० डॉलर होती. म्हणजे कर वस्तूच्या मोलाइतका! नोंदणीचें कामही त्यामुळें पोलिसांकडे न जातां अर्थखात्याच्या महसूल विभागाकडे गेलें.

आंखूड रायफल या कायद्यांत शिरली कशी? मूळ मसुद्यांत पिस्तुलें व रिव्हॉल्वर यांचाही समावेश होता, कारण खरें भय अंगावर लपवितां येणाऱ्या शस्त्रांचें होतें. पिस्तुलांवर कर बसला, तर गुन्हेगार लांब बंदुकीचीच नळी कापून ती कोटाखालीं लपवितील. ती पळवाट बुजविण्यासाठीं आंखूड नळीच्या बंदुकांचें कलम होतें. परंतु विधिमंडळाच्या समितीपुढें साक्षी झाल्या, तेव्हां नॅशनल रायफल असोसिएशनचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांच्यासारख्यांनीं कडक विरोध केला. हे गृहस्थ स्वतः १९२० च्या ऑलिंपिकमधील पिस्तुल-नेमबाजीचे विजेते होते. अखेर पिस्तुलें व रिव्हॉल्वर वगळण्यांत आलीं. १८ इंचांहून आंखूड नळीच्या रायफलींचें व छऱ्यांच्या बंदुकांचें कलम तेवढें तसेंच राहिलें. ज्या शेतासाठीं कुंपण घातलें, तें शेत वगळलें गेलें आणि कुंपण उभें राहिलें! २६ जून १९३४ रोजीं रूझव्हेल्ट यांनीं कायद्यावर सही केली.

न्यायालयांत कायदा टिकला. १९३७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विक्रेत्यांवरील कर वैध ठरविला. कराच्या मागें विधिमंडळाचा अंतःस्थ हेतु कोणता हें न्यायालय शोधीत बसत नाहीं, आणि या करापासून कांहीं तरी उत्पन्न होतेंच, असा त्या निकालाचा आशय होता. १९३९ च्या मिलर खटल्यांत शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्काचा प्रश्न निघाला. आरोपींच्या वतीनें न्यायालयांत कोणीच उभें राहिलें नाहीं. निकालापूर्वींच मिलर हा मारलाही गेला होता. नळी कापलेल्या बंदुकीचा सुसंघटित नागरी सैन्याशीं कांहीं संबंध असल्याचें दिसत नाहीं, असें म्हणून न्यायालयानें कायदा उचलून धरला.

खरा धक्का बसला तो १९६८ सालीं. बेकायदा शस्त्र बाळगणारानें तें नोंदवावें, असें हा कायदा म्हणे. परंतु नोंदविणें म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्या हातानें देणें होतें. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती घटनेला मान्य नाहीं, हें हेन्स खटल्यांत न्यायालयानें मान्य केलें. विधिमंडळानें त्याच वर्षीं कायदा बदलला, ३० दिवसांची माफी जाहीर केली आणि त्यानंतर बेकायदा शस्त्राची नोंदणी मालकाला मुळीं करतांच येणार नाहीं, अशी तजवीज केली. तेव्हांपासून नोंदणी आधीं आणि रायफल मागून, असा क्रम कायम झाला.

१९६० पासून रायफलच्या नळीची मर्यादा १६ इंचांवर आली आहे. त्याहून आंखूड रायफल स्वतः बनवूं पाहणारा नागरिक बोटांचे ठसे व छायाचित्र जोडून केंद्रीय खात्याकडे अर्ज करतो, अर्जाची प्रत स्थानिक पोलीस-प्रमुखास पाठवितो आणि मंजुरीची वाट पाहतो. मंजुरी हातीं येण्यापूर्वीं नळी कापली, तर दहा वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. बनविणाराचें नांव व गांव शस्त्रावर कोरावें लागतें, आणि तें दुसऱ्या राज्यांत नेण्यापूर्वीं परवानगी घ्यावी लागते.

१९३४ चे २०० डॉलर आजच्या ४,००० हून अधिक डॉलरांच्या तोडीचे होते. पण तो आंकडा नव्वद वर्षें वाढविलाच गेला नाहीं. महागाईनें त्याची धार बोथट झाली, आणि २०२५ च्या कायद्यानें १ जानेवारी २०२६ पासून आंखूड रायफलीवरील कर शून्य केला. नोंदणी मात्र कायम राहिली. कर वसूल करण्यासाठीं म्हणून जी नोंदणी आली, ती कराविना कोणत्या अधिकारावर उभी राहणार, असा प्रश्न घेऊन २०२५ सालींच वादी न्यायालयांत गेले.

हिंदुस्थानांत १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परकीय सत्तेनें परवान्याची अट उघडपणें घातली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याचें सहावें कलमही, नळी आंखूड करण्यास परवाना हवा, असें सरळ सांगतें. अमेरिकेनें तीच गोष्ट कराच्या आडून साधली. आडमार्गानें आलेला अधिकार दीर्घकाळ चालतो, यांत शंका नाहीं. परंतु ज्या निमित्तावर तो उभा असतो तें निमित्त नाहींसें झालें, म्हणजे त्याला आपलें मूळ कारण उघडपणें सांगावें लागतें.