८७ तास, १३ सेकंद

गुरुवार, ३० एप्रिल १९७०. रात्री ९.

दहाच दिवसांपूर्वी रिचर्ड निक्सन यांनी जाहीर केलं होतं की वर्षभरात आणखी दीड लाख सैनिक व्हिएतनाममधून परत येतील. लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला होता: युद्ध आवरतं घेतलं जातंय. आज तेच राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर कंबोडियाचा नकाशा दाखवतायत. शत्रूचे तळ मोडण्यासाठी अमेरिकी सैन्य सीमेपलीकडे जातंय, हे आक्रमण नव्हे, असं बजावतायत. पण भाषण नकाशापाशी थांबत नाही. जगात आणि घरातही अराजक माजलंय, अमेरिकेतली थोर विद्यापीठं पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केली जातायत, असंही ते म्हणतात. कंबोडियातला शत्रू आणि कॉलेजातली पोरं एकाच भाषणात आली. पुढच्या चार दिवसांची दिशा मला तिथेच ठरलेली दिसते.

शुक्रवार, १ मे. सकाळ.

निक्सन पेंटॅगॉनमध्ये जातात. तिथल्या कर्मचाऱ्यांशी उभ्या उभ्या बोलताना, कॅम्पस पेटवणाऱ्या विद्यार्थ्यांना ते ‘टुकार’ ठरवून मोकळे होतात. लिहून आणलेलं भाषण नव्हे, जाता जाता मारलेला शेरा. दुसऱ्या दिवशी तो देशभरच्या वर्तमानपत्रांत असतो.

शुक्रवार, दुपारी १२.

ओहायो राज्यातलं केंट. ॲक्रन शहराजवळचं छोटं गाव आणि त्याला न पेलणारं वीस हजारांवर विद्यार्थ्यांचं सरकारी विद्यापीठ. बर्कली किंवा कोलंबियासारखं हे आंदोलनाचं माहेरघर नाही. कष्टकरी, मध्यमवर्गीय घरांतली मुलं इथे शिकतात. मैदानावरच्या ‘व्हिक्टरी बेल’पाशी, फुटबॉलचा सामना जिंकल्यावर वाजवायच्या घंटेपाशी, सुमारे पाचशे जण जमतात. इतिहासाचे काही विद्यार्थी राज्यघटनेची प्रत खड्डा खणून पुरतात. काँग्रेसने युद्ध पुकारलेलं नसताना राष्ट्राध्यक्षांनी ते दुसऱ्या देशात नेलं, म्हणजे घटना मेलीच, असा त्यांचा दावा. पुढची सभा सोमवारी दुपारी बाराला, याच जागी.

मध्यरात्र उलटताना.

नॉर्थ वॉटर स्ट्रीटवरच्या बारबाहेर गर्दी, बाटल्या, फुटलेल्या काचा. भर रस्त्यात शेकोटी. महापौर लेरॉय सॅट्रम आणीबाणी जाहीर करून सगळे बार बंद करायला लावतात. त्यामुळे आत निवांत बसलेली माणसंही रस्त्यावर येतात आणि गर्दी वाढते. अखेर पोलीस अश्रुधूर सोडून सगळ्यांना विद्यापीठाकडे पिटाळतात.

शनिवार, २ मे. संध्याकाळ.

पाचच्या सुमाराला महापौर नॅशनल गार्ड मागवतात. गार्ड म्हणजे राज्य सरकारच्या हाताखालचे अर्धवेळ सैनिक. व्हिएतनामला जावं लागू नये म्हणूनही त्या काळी कित्येक तरुण गार्डमध्ये नाव घालत. या तुकड्या जवळच आहेत, ट्रकचालकांच्या संपाच्या बंदोबस्तावर.

साडेआठच्या आसपास विद्यापीठातली आरओटीसीची जुनी लाकडी इमारत पेटते. आरओटीसी आपल्या एनसीसीच्या जातीची, पण थेट लष्करी अधिकारी घडवणारी योजना. जमाव टाळ्या पिटतो, अग्निशामकांचे पाइप कापतो. आग नेमकी कोणी लावली, हे कधीच नीट सिद्ध झालं नाही. गार्डचे ट्रक गावात शिरतात तेव्हा आकाश लाल झालेलं असतं.

रविवार, ३ मे. सकाळ.

गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स हेलिकॉप्टरने येतात. तिथे गव्हर्नर निवडून येतात, आणि ऱ्होड्स यांना तर सिनेटच्या उमेदवारीसाठी परवा, मंगळवारी, पक्षांतर्गत मतदानाला सामोरं जायचंय. ते मागे पडलेत. पत्रकार परिषदेत टेबलावर मूठ आपटत ते सांगतात की ही पोरं नाझींच्या तपकिरी डगलेवाल्यांपेक्षा आणि कम्युनिस्टांपेक्षा वाईट, या देशातली सर्वांत नीच माणसं आहेत. आणीबाणीचा कोर्टाचा हुकूम आणण्याचीही भाषा करतात.

तो हुकूम ते आणत नाहीत. पण गार्डचे अधिकारी आणि विद्यापीठाचे प्रशासक धरून चालतात की आता सत्ता गार्डच्या हाती गेली. माझ्या लेखी हीच सगळ्यांत घातक चूक, कारण इथून पुढे जबाबदार कोण, हे कोणालाच ठाऊक नाही.

दुपार मात्र छान उन्हाची. मुली सैनिकांशी गप्पा मारतायत. रात्री पुन्हा अश्रुधूर, आणि संगिनींनी जखमी झालेले काही विद्यार्थी.

सोमवार, ४ मे. सकाळी १०.

गार्डचे जनरल रॉबर्ट कँटरबरी, महापौर आणि विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट व्हाइट यांची बैठक. बाराच्या सभेवर बंदी आहे की नाही? आहे, असं ठरतं. पण ती कोणी घातली, यावर नंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार आहे. बंदीची बारा हजार पत्रकं निघतात, तरी अनेकांपर्यंत पोचत नाहीत. तास नेहमीप्रमाणे चालू आहेत आणि दुपारी वर्ग सुटले की वाट याच मैदानातून जाते.

११.५०.

घंटेभोवती पाचेकशे आंदोलक, त्यांना साथ देणारे हजारभर, आणि नुसते बघे त्याहून जास्त. समोर जळक्या इमारतीपाशी सुमारे शंभर सैनिक, हातात एम-१ रायफली. दुसऱ्या महायुद्धात वापरलेलं हे हत्यार जमाव हटवायला मुळीच नाही. जीपमधून भोंग्यावर पांगायला सांगितलं जातं. उत्तरादाखल शिव्या आणि दगड. मग रायफलींत गोळ्या भरायचा हुकूम होतो.

१२ नंतर.

अश्रुधूर वाऱ्यावर भरकटतो. सैनिक चालून जातात, गर्दी ‘ब्लँकेट हिल’ टेकडी ओलांडून पळते. इथवर गार्डचं काम झालेलं आहे. पण ते टेकडीपलीकडे उतरतात आणि फुटबॉलच्या सरावाच्या मैदानात कुंपणाशी अडकतात. दहा मिनिटं तिथेच. दगड येतात, नळकांडी उलट फेकली जातात. काही सैनिक गुडघा टेकून नेम धरतात, पण गोळी झाडत नाहीत. मग आल्या वाटेने ते टेकडी चढू लागतात. मुलांना वाटतं, संपलं. काही जण वर्गाकडे वळतात.

१२.२४.

टेकडीच्या माथ्यावर, टेलर हॉलच्या कोपऱ्याशी, सत्तरहून जास्त सैनिकांपैकी २८ जण अचानक मागे वळून गोळीबार करतात. १३ सेकंदांत ६१ ते ६७ गोळ्या. बऱ्याच जणांनी हवेत किंवा जमिनीत झाडल्या, सगळ्यांनी नाही.

जेफ्री मिलर, वय २०, सुमारे ऐंशी मीटरवर. ॲलिसन क्राउझ, १९, शंभर मीटरच्याही पलीकडे. विल्यम श्रोडर, १९, आणखी लांब. हा स्वतः आरओटीसीचा विद्यार्थी होता. सँड्रा शॉयर, २०, साधारण तेवढ्याच अंतरावर, वर्गाकडे निघालेली. हे चौघे ठार. आणखी नऊ जण जखमी, त्यांतला डीन केहलर कमरेखाली कायमचा लुळा. जिवाला धोका वाटला म्हणून गोळ्या झाडल्या, असं सैनिकांनी सांगितलं. शंभर मीटरवरून दगड लागत नाही. हुकूम दिला गेला का, यावर आजवर एकमत नाही.

त्यानंतरची वीस मिनिटं.

सुन्न आणि संतापलेली मुलं उतारावर बसकण मारतात. गार्ड पुन्हा चालून जायच्या तयारीत. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन फ्रँक मध्ये पडतात. स्वतः लष्करात राहिलेला हा गृहस्थ रडत रडत विनवतो: आत्ता उठला नाहीत तर पुन्हा गोळ्या चालतील, कधी कोणाचं ऐकलं नसेल तर आज ऐका. मुलं उठतात. चार दिवसांत कोणाला तरी मागे फिरवण्यासाठी बोललेला मला सापडलेला हा पहिला माणूस, आणि त्याच्याकडे हुकूम सोडायचा अधिकारही नव्हता.

दुपार.

व्हाइट हाउसचं निवेदन येतं: विरोध हिंसेकडे वळला की तो शोकांतिकेला आमंत्रण देतो. नंतर ॲलिसनचे वडील पत्रकारांना सांगतात की आपली मुलगी टुकार नव्हती.

मंगळवारी ऱ्होड्स थोडक्या मतांनी हरले. शेकडो कॉलेजं संपाने बंद पडली. निक्सन यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने पुढे गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य ठरवला. पण गोळीबाराच्याच महिन्यात ‘न्यूजवीक’ने छापलेल्या गॅलप चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला होता, गार्डला अवघ्या ११ टक्क्यांनी. खटल्यात एकाही सैनिकाला शिक्षा झाली नाही. १९७९ साली दिवाणी दाव्याच्या तडजोडीत जखमींना आणि मृतांच्या घरच्यांना मिळून ६ लाख ७५ हजार डॉलर आणि प्रतिवादींच्या सह्यांचा खेदाचा कागद मिळाला. पैसे ओहायो राज्याने भरले. तेव्हा तिथले गव्हर्नर पुन्हा जेम्स ऱ्होड्सच होते.