भोकं पाडलेली डिस्क आणि कसारा घाट



नाशिककरांना मुंबई गाठायची तर सह्याद्री उतरावाच लागतो. त्यामुळे ब्रेक हा विषय आपल्याकडे इतरांपेक्षा जरा जास्त जिव्हाळ्याचा. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. साडेनऊ मैलांच्या आत सुमारे ९७२ फूट चढ, आणि सर्वांत अवघड जागी ३७ फुटांना १ फूट. जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने हा मार्ग आखला. पण तो १८६२ सालीच वारला, घाटातून धावणारी गाडी त्याला पाहायला मिळाली नाही.

गंमत अशी की घाट बांधणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरण्याची धास्ती जास्त होती. चढायला मागून आणखी इंजिन लावता येतं, पण उतरताना गाडी सुटली तर? वेस्टिंगहाउसच्या हवेच्या ब्रेकचं पेटंट १८६९ चं, म्हणजे घाट सुरू झाल्यावर चार वर्षांनी. तोवर गार्ड आणि ब्रेकवाले हाताने चाकं फिरवून ब्रेक आवळत. म्हणून घाटात मुख्य रुळांना फुटून उलट्या चढावर जाणाऱ्या बाजूच्या लाइनी ठेवल्या. सुटलेली गाडी तिकडे वळायची आणि चढावर आपोआप थांबायची. ब्रेक लागणारच नाही असं धरून केलेली ही योजना! मला तिचं फार कौतुक वाटतं.

आता मोटारीकडे वळतो. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र, एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. माणसांसकट १३०० किलोची गाडी घाटात ३०० मीटर खाली आली तर जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात दहा-बारा लिटर गार पाण्याला उकळी येईल. थोडी ऊर्जा वारा आणि इंजिन वाटून घेतात. पण ड्रायव्हरने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली (डिझेल वाचवायला टाकतात हो अजून!) तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या माथी.

सुरुवातीला ही उष्णता झेलायला काय होतं? लाकूड आणि चामडं. १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला निघाली. वाटेत ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आणलं. 'फेरोडो' हे नाव त्याच्याच आडनावाच्या अक्षरांतून आलेलं.

डिस्कची कल्पनाही जुनीच. लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण तिला दिवस आले १९५३ साली, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क ब्रेकची जग्वार पहिली आली तेव्हा. ड्रम ब्रेकवाल्यांना वळणाआधी लवकर वेग कमी करावा लागे, जग्वारवाले उशिरापर्यंत दामटत. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या पट्ट्यांपासून लांब जातो, उष्णता आत कोंडते ती वेगळीच. आपल्या जुन्या अँबेसिडर आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच होते. घाटाच्या पायथ्याशी येणारा तो जळका वास माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल.

आणि आता मूळ मुद्दा, भोकांचा. माझ्या पुतण्याचा मुलगा दर आठवड्याला गाडीने मुंबईला जातो. त्याने ठरवलं की पुढच्या डिस्कना भोकं पाडून घ्यायची. सातपूर-अंबडला लेथ आणि ड्रिलिंग मशीनला काय तोटा? त्याचा युक्तिवाद असा, की बाइकच्या डिस्कला कंपनीच भोकं पाडून देते, शर्यतीच्या गाड्यांना असतात, मग माझ्या गाडीला का नकोत? आई-वडील घाबरले आणि प्रकरण माझ्याकडे आलं. (मी शिकवलं मराठी आणि इतिहास! पण निवृत्त मास्तरला सगळं येतं असा घरात समज आहे.)

मग मी इतिहासाच्या वाटेनेच गेलो. भोकं आली कुठून? पूर्वीच्या पॅडमधली राळ फार तापली की तिचा वायू होई. पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा पातळ थर बसे आणि ब्रेक घसरत. भोकांतून तो वायू निघून जाई, पावसाचं पाणीही जाई. शिवाय वजन घटे. १९७० च्या सुमारास पोर्शच्या ९१७ सारख्या शर्यतीच्या गाड्यांवर अशा डिस्क दिसू लागल्या. तिथे त्यांचा फायदा खरा होता. पण शर्यतीच्या गाडीची डिस्क दर वेळी तपासतात आणि तडा दिसला की फेकून देतात. आपली डिस्क काही वर्षं चालावी अशी आपली अपेक्षा असते.

दरम्यान पॅड बदलले. आजच्या पॅडमधून वायूचा त्रास पुष्कळ कमी झाला आहे, म्हणजे भोकांचं मुख्य कामच उरलं नाही. तोटे मात्र राहिले. डिस्कचं वजन हीच तिची उष्णता साठवण्याची ताकद. भोक पाडलं की तेवढं लोखंड गेलं, आणि तीच उष्णता झेलताना डिस्क जास्त तापते. भोकाच्या आतल्या कडेमुळे गार व्हायला थोडी जागा वाढते हे खरं, पण गारव्याचं खरं काम मोटारीच्या पुढच्या डिस्कमध्ये दोन थरांमधल्या पोकळीतून खेळणारी हवा करते. त्यात बिड तसं ठिसूळ. तापणं-निवणं चालू राहिलं की तडे भोकाच्या कडेपासून सुरू होतात आणि एका भोकातून दुसऱ्याकडे जातात. पोस्टाचं तिकीट भोकांच्या रेषेवर कसं फाटतं, तसं. काही महागड्या गाड्यांना कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क येतात. पण तिथे डिस्कचा आकार, भोकांची जागा, कडांचा उतार सगळं हिशेबाने ठरवलेलं असतं. तयार डिस्कला नंतर ड्रिल लावणं ही निराळी गोष्ट.

आणि बाइक? तिची डिस्क बहुधा पोलादाची, पातळ, उघड्या वाऱ्यात. पोलाद बिडासारखं पटकन तडकत नाही. तिथे पाणी झटकायला आणि वजन घटवायला भोकं शोभतात. पल्सरचा न्याय मोटारीला लावता येत नाही.

भोकांमुळे गाडी लवकर थांबते का? एकदाच करकचून ब्रेक मारला तर चाक जाम करण्याइतकी ताकद साध्या डिस्कमध्येही असते, म्हणजे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्ता ठरवतात. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, तेही चाक जाम होऊ नये म्हणूनच. थोडक्यात, रोजच्या गाडीला भोकांनी फायदा जवळजवळ नाही आणि घाटात धोका आहे, असं माझं मत झालं.

मुलगा ऐकून घेणारा निघाला, पण अगदी गप्प बसला नाही. म्हणाला, "आजोबा, आता जून २०२५ पासून समृद्धी इगतपुरीहून थेट आमण्यापर्यंत गेलाय. पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट लागतोच कुठे?" मी म्हटलं, बोगद्यातून गेलास तरी सह्याद्री उतरतोसच ना? उंची तेवढीच, फक्त उतार लांबवर पसरलेला.

शेवटी डिस्क साध्याच राहिल्या. पॅड चांगले टाकले आणि मेकॅनिकला ब्रेक ऑइलही बघायला सांगितलं. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. मग घाटात तेलात बुडबुडे होतात आणि पेडल पार तळाला जातं. दर दोन वर्षांनी ते बदलावं असं सांगतात. त्याच्या गाडीचं झाकण उघडलं तर आत बिनदुधाच्या चहासारखं काळपट तेल होतं. गाडी घेतल्यापासून कुणी बदललंच नव्हतं.