घट बदलला, सवय तीच राहिली

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. या कामासाठी आता बॅटरीवरची कात्री मिळते. फवारणीचा पंप आणि सुताराचे ड्रिलही बॅटरीवर चालते. ही अवजारे चार्ज कशी करावीत, याबद्दल मात्र तीन सल्ले ऐकू येतात: ‘बॅटरी कधी उतरू देऊ नका’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’ आणि ‘रात्रभर लावून ठेवा’. हे तिन्ही सल्ले कोणत्या ना कोणत्या घटासाठी योग्यच होते. ते कसे, हे घटांच्या इतिहासावरून कळते.

पहिला सल्ला शिसे-आम्ल घटाचा. हा घट फ्रान्समध्ये प्लांटे यांनी १८५९ साली बनवला. तो उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि घट निकामी होतो.

उरलेले दोन सल्ले निकेल-कॅडमियम घटाचे. स्वीडनच्या युंगनर यांनी तो १८९९ साली तयार केला. त्याच्या बंदिस्त प्रकारावर चालणारे बिनवायरीचे ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. हा घट अर्धवट उतरवून वारंवार चार्ज केला, की त्याची क्षमता घटल्यासारखी वाटे. म्हणून तो पूर्ण उतरवण्याची पद्धत पडली. जादा चार्जिंगमध्ये धन पट्टीवर निघणारा ऑक्सिजन कॅडमियमची पट्टी शोषून घेते. त्यामुळे मंद चार्जरवर तो रात्रभर राहिला तरी सहसा बिघडत नसे.

लिथियम-आयन घट १९९१ साली बाजारात आला आणि २००५च्या सुमारास हत्यारांत शिरला. त्याच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा हा त्याचा गुण. पण त्यातील द्रव ज्वलनशील असतो. प्रचलित प्रकारांत एका घटाची कमाल मर्यादा सुमारे ४.२ व्होल्ट असते. ती ओलांडली तर घट तापतो. एका हद्दीनंतर आतल्या रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करू लागतात आणि शेजारचे घटही पेटतात.

येथे आपण वर्गात एक गणित घालू शकतो. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तो तीन लिथियम घटांच्या माळेला जोडला, तर प्रत्येक घटाच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात. बॅटरीतील संरक्षक मंडल हे रोखू शकते. पण ते स्वस्तातल्या बॅटरीत नसले, किंवा बिघडले, तर? पिन बसते म्हणजे चार्जर चालतो, असे नाही.

९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये विजेच्या दुचाकी वाहून नेणाऱ्या एका कंटेनरला आग लागली. आतल्या ४० पैकी २० दुचाकी जळाल्या. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. त्या आगीचे कारण येथे ठरवायचे नाही. पण बॅटऱ्या एकमेकींजवळ असल्या, की एका ठिकाणची आग किती पसरू शकते, याची कल्पना त्यावरून येते.

म्हणून आपण नव्या घटाला नवी सवय लावू या. चार्जर त्या अवजाराचाच वापरावा. काम संपताच गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये. ती निवू द्यावी. एप्रिलच्या उन्हात, गोणपाटावर किंवा कडब्याजवळ चार्जिंग करू नये. जागे असताना, फरशीवर करावे. फुगलेली, चेपलेली वा भिजलेली बॅटरी वापरू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आणखी एक. वायरचे यंत्र प्लग काढला की थांबते; बिनवायरीच्या यंत्रात मात्र वीज सदैव हजर असते. कात्रीचे पाते पुसण्यापूर्वी बॅटरी काढलीच पाहिजे, नाहीतर चुकून दाबलेला खटका बोटावर बेतेल.

विद्यार्थ्यांनी घरच्या प्रत्येक बॅटरीवरचे लेबल वाचून घटाचा प्रकार, व्होल्ट आणि त्याचा चार्जर यांचा तक्ता करावा. घराघरांतले सल्ले त्या तक्त्याशी ताडून पाहिले, की कोणता सल्ला कुठल्या काळातला, हे मुलांना आपोआप उमगेल.